महापुराचा गाळ आणि शहराचे रस्ते

युरोप-अमेरिकेंत अशीं पुष्कळ शहरें आहेत कीं, तेथील नगरपालिकेची खरी परीक्षा हिवाळ्यांत होते. रात्रीं बर्फ पडतो, आणि दूधवाला, टपालवाला व शाळेचीं मुलें घराबाहेर पडण्याच्या आंत रस्ता मोकळा झाला नाहीं, तर नागरिक नगराध्यक्षाला क्षमा करीत नाहींत. आपल्या सातारा-सांगलीकडे ही चिंता नाहीं. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं थंडीच्या दिवसांत एखाद्या पहाटे दंव गोठतें, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि मोटारींच्या टपांवर पांढरे हिमकण दिसतात, वर्तमानपत्रांत त्यांचें छायाचित्र छापून येतें. परंतु ते झाडून काढण्यासाठीं कोणाला खराटा हातीं घ्यावा लागत नाहीं. सूर्य थोडा वर आला कीं काम झालें. मात्र त्याच महाबळेश्वरच्या डोंगरावर पावसाळ्यांत आभाळ जें ओततें, तें कृष्णेच्या वाटेनें खालीं सांगलीपर्यंत जातें आणि कधीं कधीं तेथील रस्त्यांवर असा थर टाकून परततें कीं, त्यापेक्षां बर्फ बरा, असें म्हणण्याची पाळी यावी. श्रोतेहो, आजचें भाषण त्या थराविषयीं आहे.

सातारा आणि सांगली हीं एकाच नदीचीं शहरें. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. तेव्हां नात्यानेंहि तीं जवळचींच. पण पावसाच्या बाबतींत दोघांचें नशीब वेगळें. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलें आहे. पावसाचें पाणी माती-मुरूम घेऊन ओढ्यांतून खालीं धांवतें आणि शहर धुऊन निघतें. १८५३ सालापासून नगरपालिका असलेल्या या शहराला पावसाळ्यांत खरी काळजी असते ती यवतेश्वरच्या घाटांत कोसळणाऱ्या दरडींची. दरड हें एका जागचें संकट आहे. माणसें व यंत्रें तेथें नेतां येतात. अर्थात् तीहि क्षुल्लक नव्हे. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरास एका दिवसांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला आणि पाटण तालुक्यांत दरडींखालीं माणसें गेलीं.

सांगलीची गोष्ट निराळी. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं १८०१ सालीं मिरजेहून वेगळें होऊन येथें आपली गादी मांडली, ती अगदीं कृष्णेच्या कांठीं. शहर नदीला लागून वाढलें, व्यापारी पेठा नदीजवळच भरल्या. येथें नदीचा उतार मंद आहे. शेजारीं हरिपुरास वारणा मिळते, पुढें नरसोबाच्या वाडीस पंचगंगा मिळते. तिन्ही नद्या एकाच वेळीं भरल्या म्हणजे पाण्याला पुढें सरकावयास जागा राहत नाहीं. मग तें मागें फुगतें. आणि सांगलींत शिरतांना तें नेहमींच कांठ ओलांडून गर्जत येतें असें नव्हे. शेरी नाल्यासारख्या ज्या वाटांनीं शहराचें सांडपाणी नदीकडे जातें, त्याच वाटांनीं तें उलट येतें. गटाराच्या तोंडाशीं बुडबुडे दिसूं लागले कीं जुने सांगलीकर सामान माळ्यावर चढवूं लागतात.

असें फुगून आलेलें पाणी पेठांतून दिवसेंदिवस उभें राहतें, आणि उभ्या पाण्याचा धर्म गाळ खालीं बसविणें हा आहे. सारें शहर म्हणजे जणूं निवळण्याची टाकी होतें. कृष्णाकांठची काळी माती फार बारीक व चिकट. ओली असतां लोण्यासारखी पसरते, वाळली कीं आक्रसून भेगाळते व दगडासारखी घट्ट होते. बर्फ निदान उन्हानें वितळतो. हा गाळ उन्हानें पक्का होतो, आणि त्याच्या साफसफाईचें सगळें शास्त्र या एका फरकांतून निघतें.

१९२९ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें खुला झालेला आयर्विन पूल हा सांगलीचा मापदंड आहे. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हें तेथील शाळकरी पोरांनाहि पाठ असतें. २००५ सालीं पाणी ५३ फुटांवर गेलें. २०१९ च्या ऑगस्टांत ५७ फुटांच्याहि वर चढलें. २०२१ च्या जुलैंत पुन्हां ५४ फुटांच्या आसपास पोंचलें. हे आंकडे लोकांच्या तोंडीं आहेत, भिंतींवर रेघा आहेत. पाणी कां आलें, अलमट्टीच्या धरणामुळें कीं अतिवृष्टीमुळें, यावर वाद झाले. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालीं समितीहि बसली. तें सर्व योग्यच. परंतु पाणी गेल्यावर किती गाळ उरला, तो किती दिवसांत व किती माणसांनीं उचलला, याची रेघ कोणत्याहि भिंतीवर नाहीं. बर्फाच्या शहरांत किती इंच बर्फ पडला याच्याबरोबर तो काढण्यास किती खर्च आला हेंहि दर हिवाळ्याला चर्चिलें जातें. आपण पाण्याची उंची लक्षांत ठेवतों आणि गाळाचें ओझें विसरतों. म्हणून दर महापुरानंतर सफाईची सुरुवात पहिल्या धड्यापासून करावी लागते.

तो पहिला धडा घरोघरच्या बायकांना मात्र ठाऊक आहे. पाणी उंबऱ्याच्या खालीं उतरूं लागलें, कीं त्याच पाण्यानें घर धुवावयाचें आणि गाळ त्याच्याबरोबर बाहेर लोटावयाचा. एक दिवस उशीर झाला तर खराट्याचें काम फावड्यावर जातें, आणखी चार दिवसांनीं कुदळीवर. पण यांत एक चमत्कारिक अडचण असते. महापुरांत वीज बंद पडते, नदीवरचे उपसा करणारे पंप थांबतात, आणि ज्या शहरांत नुकतें दोन-दोन पुरुष पाणी होतें, तेथें भिंत धुवावयास नळाला पाणी नसतें. टँकर आले तर प्यावयाचें पाणी आधीं भरावें लागतें.

रस्त्याचें काम याहून कठीण. बर्फाचा रस्ता सारखा पांढरा असतो. त्यावरून फाळ चालवला कीं झालें. २०१९ सालीं पूर ओसरल्यावर मारुती चौक, गणपती पेठ, हरभट रोड या भागांतले रस्ते कसे होते? गाळ होताच, पण प्रत्येक दारासमोर त्या घराचा संसारहि येऊन पडला होता. भिजलेल्या गाद्या, फुगलेलीं कपाटें, कुजलेलें धान्य, दुकानांतील कापडाचे गठ्ठे, वह्यापुस्तकें. आणि मेलेलीं जनावरें. एकदां झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशीं तितकाच भरावा, कारण आंतलीं घरें अजून रिकामीं होत असत. यंत्रें मोठ्या रस्त्यांवर उपयोगीं पडतात. गांवभागासारख्या जुन्या वस्तींतल्या बोळांत मात्र घमेलें व फावडें घेऊन माणसानेंच शिरावें लागतें.

हीं माणसें कोण, हें आपण क्वचित् विचारतों. १९९८ सालीं सांगली, मिरज व कुपवाड मिळून महापालिका झाली, तिचे सफाई कामगार. आणि २०१९ सालीं मदतीस आलेलीं इतर शहरांचीं पथकें. स्थानिक कामगारांपैकीं ज्यांचीं घरें सखल वस्तींत, त्यांनीं स्वतःच्या घरांतला चिखल तसाच ठेवून दुसऱ्यांच्या दारांतला उचलावा, असा हा प्रसंग. अशा गाळांत उंदरांच्या मूत्रानें पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीति असते; पायाला जखम असेल तर तेवढें पुरतें. म्हणून गमबूट, हातमोजे आणि तापावरची प्रतिबंधक गोळी या वस्तु फावड्याइतक्याच महत्त्वाच्या. त्या पूर आल्यावर शोधावयाच्या नसतात.

न्यू यॉर्कचें उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. १८८८ च्या मार्चांत तें शहर हिमवादळाखालीं अक्षरशः गाडलें गेलें. पुढें १८९५ सालीं सफाईखात्याची सूत्रें कर्नल जॉर्ज वेअरिंग यांच्याकडे आलीं. त्यांनीं बर्फ काढण्याची व रस्ते झाडण्याची शिस्त लावली. पण त्यांची खरी युक्ति वेगळीच होती. ज्या झाडूवाल्यांना लोक हिणवीत, त्यांना त्यांनीं वैद्यासारखा पांढरा पोषाख दिला आणि १८९६ सालीं शहराच्या राजमार्गावरून त्यांचें संचलन काढलें. हेटाळणी करणाऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या, असें म्हणतात. पोषाखानें पोट भरत नाहीं हें खरें. तरीहि ज्या कामाला गांव मान देतो, त्याला पैसा व साधनें देतांना तो कमी कुरकुरतो. आपल्याकडे पुरांत नाव वल्हविणाऱ्याचा सत्कार होतो, व व्हावाच. पंधरा दिवस गाळ उपसणाऱ्याचा सहसा होत नाहीं.

उचललेला गाळ टाकावयाचा कोठें, हा शेवटचा प्रश्न. नुसती माती असती तर शेतकऱ्यांनीं ती आनंदानें नेली असती, कारण नदीचा गाळ म्हणजे शेताचें सोनें. पण शहरांतून फिरून आलेल्या या गाळांत कांच, खिळे, औषधें, तेल आणि मैला मिसळलेला असतो. त्यांतील हानि तर मोजतांहि येत नाहीं. हरिपुरास हळद सांठविण्याचीं जमिनीखालचीं पेंवें पिढ्यान्‌पिढ्या होतीं. २००५ च्या पुरानें त्यांत पाणी शिरलें आणि त्यांतलीं पुष्कळ कायमचीं निकामी झालीं.

२०१९ सालीं महापुराचा जोर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास होता, आणि २ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. ज्या शहराचें दैवतच गणपती, त्याला रस्ते मोकळे करण्यास जेमतेम तीन आठवडे मिळाले. मूर्ति घरोघर आल्या त्या धुतलेल्या रस्त्यांवरूनच. पण ऊन पडल्यावर फटींतला, गटारांच्या कडांचा, झाडांच्या बुंध्यांचा उरलेला गाळ वाळून धूळ झाला, आणि मोटारींच्या चाकांबरोबर उडून पेठांतल्या नव्यानें पुसलेल्या फळ्यांवर बसूं लागला. सफाई कामगारांनीं फावडीं ठेवलीं व पुन्हां खराटे घेतले.