वृत्तपत्र बंद पडते तेव्हा : लंडनचा जल्लोष आणि आपले मौन

एखादे वृत्तपत्र किंवा वाहिनी बंद पडली की आपल्या तरुणांच्या गटांमध्ये आनंदाचे संदेश फिरू लागतात. एक मनुवादी पेपर कमी झाला, पाप गेले, जयभीम! ज्या प्रसारमाध्यमांनी शंभर वर्षे आपल्याला एक तर छापले नाही, आणि छापले ते आरोपी म्हणून छापले, त्यांच्याबद्दलचा हा राग खरा आहे. पण पेपर बंद होतो तेव्हा नेमके काय बंद होते? तो कोण बंद करतो? आणि आपली स्वतःची वृत्तपत्रे बंद पडली तेव्हा आपण काय केले? हे प्रश्न विचारल्याशिवाय केलेला जल्लोष चळवळीच्या कामाचा नाही. म्हणून आधी लंडनचा आणि मग आपला इतिहास तपासू.

168 वर्षांचा पेपर सहा दिवसांत बंद

'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे ब्रिटनचे रविवारचे वृत्तपत्र 1843 साली सुरू झाले. स्वस्त किंमत, गुन्ह्यांच्या आणि भानगडींच्या चटकदार बातम्या, आणि वाचक मुख्यतः कामगार वर्गातला. 1950 च्या सुमारास त्याचा खप ऐंशी लाखांच्या पुढे गेला होता. 1969 मध्ये ते रूपर्ट मरडॉक यांच्या ताब्यात आले.

या पेपरसाठी लोकांचे फोन चोरून ऐकले जात होते. 2007 मध्ये त्याच्या एका बातमीदाराला आणि एका खासगी गुप्तहेराला तुरुंगवास झाला. तेव्हा कंपनीने सांगितले की एक माणूस बिघडलेला होता, बाकी सारे स्वच्छ आहे. काही वर्षे ही थाप चालली. मग 4 जुलै 2011 रोजी 'द गार्डियन'ने बातमी दिली की 2002 मध्ये बेपत्ता होऊन खून झालेल्या मिली डाउलर या तेरा वर्षांच्या मुलीचे व्हॉइसमेल निरोपसुद्धा या पेपरच्या लोकांनी ऐकले होते. देश हादरला. नटनट्यांचे फोन ऐकले तेव्हा हसणारे लोक आता भडकले. त्यांनी जाहिरातदार कंपन्यांना जाब विचारला आणि एकामागून एक जाहिराती काढून घेतल्या गेल्या. 7 जुलैला बंद करण्याची घोषणा झाली आणि 10 जुलैला शेवटचा अंक निघाला.

लोक काय म्हणाले?

प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या, आणि आपल्यासाठी अभ्यासाची गोष्ट तीच आहे.

पहिला सूर उघड आनंदाचा होता. दुसरा सूर हळहळीचा. तीन-तीन पिढ्या रविवारी हाच पेपर घेणारी घरे होती, आणि शेवटच्या अंकाचा खप नेहमीपेक्षा बराच वाढून अडतीस लाखांच्या आसपास गेला. तिसरा सूर कामगारांच्या बाजूचा होता. सुमारे 200 कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांतल्या अनेकांचा जुन्या गुन्ह्यांशी काही संबंध नव्हता. चौथा सूर भीतीचा : या निमित्ताने सरकार सगळ्याच पत्रकारितेच्या गळ्याला हात घालेल. पाचवा सूर संशयाचा होता, आणि तोच सर्वांत शहाणा ठरला.

संशय असा होता की मालकाने बोट कापून हात वाचवला. मरडॉक यांच्या कंपनीला तेव्हा 'बीस्कायबी' ही मोठी दूरचित्रवाणी कंपनी पूर्ण ताब्यात घ्यायची होती. तो सौदा वाचवायचा तर बदनाम पेपरचा बळी देणे स्वस्त पडत होते. जनक्षोभ इतका होता की 13 जुलैला तो सौदाही सोडावा लागला. पण पुढे काय झाले? आठच महिन्यांत, 26 फेब्रुवारी 2012 रोजी त्याच मालकाने त्याच रविवारच्या वाचकासाठी 'द सन'ची रविवार आवृत्ती बाजारात आणली. पाटी बदलली, दुकान तेच राहिले. ज्या काळात ही चोरी चालली त्या काळचे संपादक अँडी कूल्सन यांना 2014 मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मालक मालकच राहिला.

म्हणजे पेपर बंद होणे आणि न्याय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 1943 मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी भारतातील पत्रकारितेवर आसूड ओढला. पूर्वी हा पेशा होता, आता व्यापार झाला आहे, आणि साबण बनवण्याच्या धंद्यात जेवढे नैतिक कर्तव्य असते त्याहून अधिक यात उरलेले नाही, असा त्यांचा आशय होता. साबणाचा एक छाप खपेनासा झाला की कारखानदार दुसऱ्या नावाने वडी काढतो. 2011-12 मध्ये लंडनमध्ये हेच घडले.

लिव्हरपूलने काय केले?

याच मालकाच्या 'द सन'ची आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनी पाठ करावी अशी आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्यात चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलच्या 97 प्रेक्षकांचे जीव गेले. चारच दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर छापले की लिव्हरपूलच्या चाहत्यांनीच मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. हे सारे खोटे होते. पोलिसांनी आपली चूक झाकण्यासाठी पुरवलेली ती कथा होती. 2012 मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने ते उघड केले.

लिव्हरपूलच्या लोकांनी सरकारकडे पेपरवर बंदी मागत बसण्याऐवजी पेपर घेणे सोडले. बंदरावरचा कामगार, टॅक्सीवाला, दुकानदार, सगळ्यांनी सोडले. तीस वर्षांहून अधिक काळ हा बहिष्कार टिकला आहे आणि आजही तिथली अनेक दुकाने तो पेपर ठेवत नाहीत. जल्लोष एका दिवसाचा असतो, बहिष्कार रोज सकाळी नव्याने करावा लागतो.

मेलेल्यांनाच गुन्हेगार ठरवणारी ही रीत आपल्याला नवी नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. जवळपास महिनाभर मोठ्या वृत्तपत्रांना ते जातीय हत्याकांड दिसले नाही. जे थोडे छापून आले त्यात अनैतिक संबंधांची कुजबुज होती. आपली माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा बातमी झाली. तीही आधी आंदोलकांच्या दगडांची, मग हत्याकांडाची. त्यासाठी एकही पेपर बंद पडला नाही. आणि खरे सांगायचे तर आपणही एकही पेपर घेणे सोडले नाही.

दुसरे उदाहरण 2009 च्या विधानसभा निवडणुकीचे. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला, बातमी म्हणून. पी. साईनाथ यांनी हे उजेडात आणले. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने विकत घेतलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल लिहिला. तो अहवाल आधी दडपला गेला आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये खुला झाला. ज्या वर्षी लंडनमध्ये पेपर बंद पडला त्याच वर्षी. आपल्याकडे कोणाच्या जाहिराती गेल्या नाहीत, वर्गणीदार तुटले नाहीत. त्या दैनिकांच्या दिवाळी अंकांसाठी मात्र आपणच रांग लावली.

आपली वृत्तपत्रे कशाने मेली?

आता दुसरी बाजू. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी 2500 रुपयांची मदत दिली. 'केसरी'ने या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला, ही गोष्ट पुढे बाबासाहेबांनीच नोंदवली. बाबासाहेब शिक्षणासाठी विलायतेला गेले. मागे पैशांची ओढाताण, कारभार आणि हिशेब यांवरून मतभेद झाले आणि 1923 मध्ये 'मूकनायक' थांबले.

20 मार्च 1927 ला महाडचे चवदार तळे पेटले. दोन आठवड्यांत, 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. कारण बाबासाहेबांना ठाऊक होते की तळ्याचे पाणी आपण प्यालो, पण त्याची हकीकत दुसऱ्याने लिहिली तर इतिहासात आपण दंगेखोर म्हणून उरू. या पत्राचे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने भरले. वकिली, अध्यापन, सत्याग्रह आणि वर संपादकाची मेहनत, तीही बिनपगारी. तरी पैसा पुरेना. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा लेख लिहून त्यांना समाजापुढे हिशेब मांडावा लागला. नोव्हेंबर 1929 मध्ये 'बहिष्कृत भारत' बंद पडले.

त्याने कोणाचा फोन ऐकला नव्हता, कोणाची बदनामी विकली नव्हती. ते वर्गणीअभावी मेले. लंडनच्या पेपरच्या शेवटच्या अंकासाठी लाखो लोक दुकानात धावले. 'बहिष्कृत भारत'च्या शेवटच्या अंकासाठी धावायला ज्यांच्याकडे दमडी होती त्यांना ते नकोच होते, आणि ज्यांना ते हवे होते त्यांच्याकडे दमडी नव्हती. त्या पिढीला दोष देता येत नाही. ती गिरणीत आणि गावकीत राबत होती, त्यातल्या बहुतेकांना अक्षरही ठाऊक नव्हते. तरीही 24 नोव्हेंबर 1930 ला 'जनता' उभे राहिले आणि पाव शतक चालले. 1956 मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. तेही पुढे बंद पडले आणि 2017 मध्ये पुन्हा सुरू झाले.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ला लाखो कामगार वाचक होते, पण ते त्याचे मालक नव्हते. म्हणून ते कधी बंद करायचे आणि कोणत्या नावाने पुन्हा काढायचे हे एका कुटुंबाने ठरवले. 'बहिष्कृत भारत'ला वाचक थोडे होते, पण ते पत्र त्यांचे होते. वाचक असणे आणि मालक असणे यांतला फरक ज्या समाजाला कळत नाही, तो समाज दुसऱ्याच्या पेपरच्या मरणावर नाचतो आणि स्वतःच्या पेपरच्या मरणाची तारीखही विसरतो.

जव्हार-मोखाड्यातून पाहताना

मी ज्या भागात काम करतो तिथे हा फरक रोज दिसतो. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली. वृत्तपत्रांनी बातमी उचलली तेव्हा मंत्र्यांच्या गाड्या या डोंगरात आल्या, न्यायालयात याचिका गेल्या, 1995 मध्ये नवसंजीवनी योजना आली. छापील शब्दात एवढी ताकद असते. मग बातमीदार निघून गेले. 2016 मध्ये मोखाड्यात पुन्हा बालमृत्यूची बातमी झाली आणि तत्कालीन आदिवासी विकास मंत्र्यांना पाड्यावरच्या संतापाला तोंड द्यावे लागले. मधल्या वर्षांत दिवाळी सरली की माणसे वीटभट्टीवर जगायला जातच होती, अंगणवाडीत मुलांची वजने होतच होती. ते लिहायला कोणी नव्हते, एवढेच.

पाण्याचेही तसेच. मध्य वैतरणा धरण मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. पावसाळ्यात मुंबईची वृत्तपत्रे ते किती टक्के भरले हे रोज छापतात. त्याच तालुक्यातल्या बाया एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन किती चालतात, याचा रोजचा तक्ता कोणी छापत नाही. यात कोणी फोन चोरून ऐकलेला नाही, त्यामुळे याला घोटाळा म्हणत नाहीत. मला विचाराल तर इतक्या वर्षांचा हा मोठाच घोटाळा आहे.

उद्या यातले एखादे मोठे दैनिक बंद झाले तर इथल्या पाड्यांवर ना आनंद होईल ना दुःख. जे कधी आपले नव्हते त्याच्या जाण्याने घरात काय बदलणार?

मग करायचे काय?

पहिले, खोटे छापणाऱ्याला लिव्हरपूलसारखे उत्तर द्या. पेपर घेणे सोडा, जाहिरातदाराला पत्र लिहा, आणि हे एका आठवड्यापुरते करू नका. दुसरे, पेपर बंद झाला तर आधी विचारा की कोणी बंद केला, कामगारांचे काय झाले आणि मालक उद्या कोणत्या नावाने येणार आहे. तिसरे, तुमच्या विहारात, वसतिगृहात, वाचनालयात आपल्या माणसांच्या एका तरी नियतकालिकाची वर्गणी चालू आहे का, ते याच आठवड्यात तपासा. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा जातो त्यात एखादे पाक्षिक वर्षभर तगू शकते. आणि चौथे, जव्हार-मोखाड्यासारख्या ठिकाणी आपण जाऊन आदिवासींच्या वतीने लिहायचे नाही. वारली, कोकणा, कातकरी, म ठाकूर, महादेव कोळी मुलामुलींच्या हाती लेखणी आणि छापायला जागा द्यायची. मूकांचा नायक व्हायचे तर मूक माणसाला बोलू द्यावे लागते.

बाबासाहेबांचे ते ऋण लौकिक होते, म्हणजे रुपये-आणे-पैशांत फेडायचे होते. 1929 मध्ये आपल्या पूर्वजांकडे ते फेडायला पैसे नव्हते. आज आपल्यातल्या अनेकांकडे पगार आहे, पेन्शन आहे, घर आहे. आता सबब कोणती?

जयभीम!