निनावी पुनर्प्रेषण : हेडरचे प्रमाणीकरण

ई-मेलमधील मूळ मजकुराच्या आधी येणाऱ्या हेडरच्या ओळी सर्व पत्रांत एकाच साच्याच्या व एकाच क्रमाच्या ठेवून, रीमेलरमार्फत (प्रेषकाची ओळख काढून पत्र पुढे धाडणाऱ्या सेवेमार्फत) गेलेल्या पत्रांवरून एक प्रेषक दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येऊ नये, अशी तजवीज करण्याची पद्धती.

हेडरची घडण १९८२ च्या आरएफसी ८२२ या इंटरनेट मानक-दस्तऐवजाने व पुढे २००८ च्या आरएफसी ५३२२ ने निश्चित केली. परंतु ऐच्छिक ओळी कोणत्या असाव्यात व कोणत्या क्रमाने याव्यात, याबाबत प्रत्येक पत्रप्रणालीस मोकळीक राहिल्याने प्रेषकाचे नाव पुसले तरी त्याच्या खुणा मागे उरतात. ‘एक्स-मेलर’ ही ओळ प्रणालीचे नाव व आवृत्ती सांगते; ‘मेसेज-आयडी’ पुष्कळदा यंत्राचे नाव उघड करते; ‘डेट’मधील +०५३० हा आकडा भारतीय प्रमाणवेळेकडे बोट दाखवितो.

डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये पत्रांचे रूप व क्रम बदलून ती पुढे धाडणाऱ्या मिश्रक यंत्राची कल्पना मांडून निनावी पुनर्प्रेषणाच्या शास्त्राचा पाया घातला. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ पासून चालविलेल्या सेवेच्या दप्तरी खऱ्या व टोपण पत्त्यांची जोडयादी असे, आणि कायद्याच्या दडपणाखाली १९९५ मध्ये त्यातील एक पत्ता उघड करावा लागल्यावर, १९९६ मध्ये ती सेवा बंद झाली. एरिक ह्यूज व हॅल फिनी यांच्या सायफरपंक रीमेलरने अशी यादीच ठेविली नाही व मूळ हेडरही गाळले. मात्र ‘##’ या चिन्हाखाली प्रेषकास स्वतःच्या ओळी जोडता येत, आणि हौसेने जोडलेली अशी एखादी विरळ ओळच त्याची ओळखपट्टी ठरू शके. लान्स कॉट्रेल यांच्या मिक्समास्टरने प्रत्येक पाकिटास ५१२ बाइटांची २० शीर्षके व १०,२४० बाइटांचा मजकूर असे ठराविक माप दिले, त्यामुळे वाटेतील पाकिटे आकारावरून ओळखणे अशक्यप्राय झाले. तथापि रीमेलरांच्या साखळीतील अखेरच्या रीमेलरमधून बाहेर पडणाऱ्या उघड पत्राच्या हेडरचा प्रश्न त्या मापाने सुटत नाही.

म्हणून या अखेरच्या टप्प्यावर प्राप्तकर्ता व विषय यांखेरीज प्रेषकाची कोणतीही ओळ न स्वीकारणे, ‘मेसेज-आयडी’ व दिनांक ही रीमेलरनेच घालणे, वेळ सार्वत्रिक प्रमाणवेळेत नोंदणे आणि ओळींचा क्रम कायम ठेवणे इष्ट ठरते. चर्चेतील उत्तर पूर्वपत्राशी जोडणारी ‘रेफरन्सेस’ ही ओळ उपयुक्ततेसाठी राखावी लागली, तर तिचाही साचा एकच असावा. लेखनशैली व पत्र धाडण्याची वेळ यांवरून होणारी ओळख मात्र या उपायाने टळत नाही.

निनावीपण हे एकट्याने मिळविण्याचे धन नसून समूहाने राखावयाचे आहे. वेगळेपणाने ओळखू येणारा प्रत्येक प्रेषक स्वतः उघडा पडतोच, शिवाय ज्या समुदायात इतरांनी लपावयाचे तो समुदायही लहान करतो. यास्तव साच्याची निवड वापरणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता रीमेलरनेच ती सर्वांस सक्तीची करणे, हाच या व्यवस्थेतील निर्दोष मार्ग होय.