मार्गासनीच्या वाटेवरील उजेड
नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी लागते, तेथून राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याकडे वाट फुटते, आणि मावळातील अशा वाटांवर रात्री सोबत न्यायच्या उजेडाचा इतिहास दिवटीपासून, म्हणजे चिंध्या गुंडाळून तेल पाजलेल्या हातमशालीपासून, सुरू होतो. पुढे आलेल्या कंदिलाने काचेच्या आडोशामुळे वाऱ्यापावसातही ज्योत टिकवली. औंध संस्थानात कऱ्हाडजवळ १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील याच गरजेतून घरोघरी पोहोचला, आणि मराठी उद्योगाच्या इतिहासातील हे पर्व अभिमानाने स्मरावे असेच आहे. विजेरीने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘बॅटरी’ने, ज्योतीचा धोका टाळला, तरी तिच्यातील शुष्क घट, म्हणजे लगद्याच्या रूपातील रसायनांचा सेल, उन्हात तापलेल्या मोटारीत दीर्घकाळ पडून राहिल्यास गळतो व आतील पट्ट्या गंजवतो. एलईडी दिव्याला वीज फार कमी लागत असल्याने आज स्वस्त विजेरीही घाटात चाक बदलण्यापुरता उजेड सहज देते, मात्र तिचे सेल काढून वेगळे ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी ते तपासणे आवश्यक ठरते.