बर्फ उपसताना हृदय सांभाळा: शहरापासून दूर राहणाऱ्यांसाठी हिवाळ्यातील काळजी

अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात अनेक मराठी कुटुंबे मोठ्या शहरांपासून दूर, छोट्या गावांत राहतात. घराभोवती मोकळी जागा असते, शेजारी लांब असतो आणि घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत लांबलचक ड्राइव्हवे असतो. रात्रभर बर्फ पडला की सकाळी तो उपसल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. अशा वेळी भारतातून राहायला आलेले बाबा म्हणतात, "तू कामाचं बघ, एवढं मी करतो," आणि फावडे हातात घेतात.

हे काम साधे वाटते, पण हृदयविकाराचा धोका असलेल्या व्यक्तीसाठी ते जिवावर बेतू शकते. ग्रामीण भागात त्यात आणखी एक अडचण असते. त्रास सुरू झाला तर ॲम्ब्युलन्सही त्याच बर्फातून यायची असते. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो परिसरात आलेल्या हिमवादळात हे दिसले. मदत पथकांच्या गाड्याच रस्त्यांवर अडकल्या आणि अनेकांपर्यंत मदत वेळेवर पोहोचू शकली नाही. म्हणून कोणी बर्फ उपसायचा आणि कोणी नाही, हे वादळ येण्याआधीच घरात ठरवा.

बर्फ किती जड असतो?

बर्फ कापसासारखा दिसतो, त्यामुळे त्याच्या वजनाचा अंदाज येत नाही. एक साधा हिशेब करून पाहू. तुमचा ड्राइव्हवे ३० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे आणि त्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला आहे. म्हणजे एकूण १८ घनमीटर बर्फ झाला. ताज्या, भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे १०० किलो धरले, तरी एकूण १,८०० किलो होतात. ओला बर्फ घनमीटरला ३०० किलो किंवा त्याहूनही जड असू शकतो. तसा असेल तर वजन ५,४०० किलोंवर जाते, म्हणजे सिमेंटची शंभराहून अधिक पोती. प्रत्येक फावड्यात ७ किलो घेतले तरी ७५० पेक्षा जास्त वेळा वाकावे आणि उचलावे लागेल.

सर्वांत अवघड भाग ड्राइव्हवेच्या तोंडाशी असतो. रस्ता साफ करणारी गाडी जाते तेव्हा तिथे घट्ट, ओल्या बर्फाचा बांध तयार होतो. काम संपत आले असे वाटते, शरीर थकलेले असते आणि नेमका तेव्हाच सर्वांत जड बर्फ उचलावा लागतो.

हृदयावर एवढा ताण का येतो?

एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात:

- थंडी: थंडीमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतील तर रक्तपुरवठा कमी पडतो.
- हातांचे काम: तेवढेच श्रम पायांनी करण्यापेक्षा हातांनी केल्यास नाडीचे ठोके आणि रक्तदाब जास्त वाढतात.
- श्वास रोखणे: जड वजन उचलताना आपण नकळत श्वास धरतो. त्यामुळे रक्तदाब अचानक वर जातो.
- सवय नसणे: महिनोन्महिने बैठे काम करणारी व्यक्ती एका सकाळी अचानक मजुराइतके श्रम करते.

संशोधन काय सांगते?

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या १० निरोगी पुरुषांना ओला, जड बर्फ उपसायला सांगितले होते. त्यांच्या नाडीचे ठोके सरासरी १७५ पर्यंत आणि वरचा रक्तदाब १९८ पर्यंत गेला. यंत्राने बर्फ हटवताना हेच आकडे सुमारे १२४ आणि १६१ होते. म्हणजे यंत्राने ताण बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९८१ ते २०१४ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. २० सेंटिमीटर बर्फ पडल्यानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि मृत्यूची शक्यता ३४ टक्क्यांनी जास्त आढळली. स्त्रियांमध्ये असा स्पष्ट संबंध दिसला नाही. बर्फ बहुधा पुरुषच उपसतात, हे त्याचे एक कारण असू शकते. तेव्हा स्त्रियांनी हा धोका आपल्याला नाही असे समजू नये.

कोणी फावडे हातात घेऊ नये?

खालीलपैकी काहीही लागू असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या:

- पूर्वी हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे.
- चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येते किंवा धाप लागते.
- रक्तदाब नियंत्रणात नाही.
- हार्ट फेल्युअर, झडपांचा आजार किंवा ठोके अनियमित होण्याचा त्रास आहे.
- पूर्वी पक्षाघात झाला आहे.
- नुकतीच कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झाली आहे.

मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल, घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास किंवा ४५ च्या पुढे वय आणि बैठी जीवनशैली यांपैकी काही असेल, तर हिवाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात दिसतो. २०१८ च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांमध्येही हा वंश धोका वाढवणाऱ्या घटकांत धरला आहे. "मला कधी काही झालं नाही" हा निरोगी असल्याचा पुरावा नाही.

उपसायचाच असेल तर

१. उठल्या उठल्या किंवा भरपेट जेवणानंतर लगेच बाहेर पडू नका. घरातच ५ ते १० मिनिटे चालून, हातपाय हलवून शरीर गरम करा.

२. कामाआधी आणि काम चालू असताना सिगारेट आणि मद्य टाळा. मद्याने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते.

३. एका जाड कोटापेक्षा कपड्यांचे दोन-तीन थर घाला. टोपी, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेतच. नाक-तोंडावर मफलर घ्या. दम्याच्या रुग्णांना याचा विशेष उपयोग होतो.

४. बर्फ उचलण्यापेक्षा ढकला. उचलावा लागलाच तर अर्धेच फावडे भरा, गुडघ्यांतून वाका, फावडे अंगाजवळ ठेवा आणि श्वास रोखू नका. बर्फ खांद्यावरून मागे फेकू नका. कंबर पिळवटून बाजूला टाकू नका.

५. बर्फ पडत असतानाच ५ ते ८ सेंटिमीटर साचला की थोडा थोडा काढा. सगळा एकदम उपसू नका.

६. दर १० ते १५ मिनिटांनी थांबा, आत या, पाणी प्या. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजा. बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेत असाल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे केवळ नाडीवर विसंबू नका.

७. मोबाइल आतल्या खिशात ठेवा आणि घरातील कोणालातरी सांगून जा.

सगळा ड्राइव्हवे लगेच साफ होण्याची गरज नसते. आधी दारापासूनची वाट स्ट्रेचर जाईल एवढी रुंद करा.

धोक्याची लक्षणे

छातीत दुखणे किंवा दडपण, डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, मानेत किंवा पाठीत कळ, धाप, थंडीतही दरदरून घाम, चक्कर, मळमळ. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता फक्त धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा जाणवू शकतो. "गॅस झाला असेल" असे म्हणून उरलेला बर्फ काढत बसू नका. काम संपल्यावर काही तासांनी त्रास झाला तरी तो तितकाच गंभीर माना.

त्रास सुरू झाला तर

- काम ताबडतोब थांबवा, घरात या आणि बसा.
- ९११ ला फोन करा. घरापर्यंतचा रस्ता बर्फाने बंद आहे हे सुरुवातीलाच सांगा. काही ठिकाणी ॲम्ब्युलन्सबरोबर रस्ता साफ करणारी गाडी पाठवता येते.
- स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नका.
- ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि फोनवरील व्यक्तीने सांगितले तर ॲस्पिरिन चावून घ्या.
- भारतातून आणलेली सॉर्बिट्रेटची गोळी सल्ल्याशिवाय जिभेखाली ठेवू नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती तुमच्या डॉक्टरांनी तुम्हालाच लिहून दिली असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या.
- व्यक्ती बेशुद्ध पडली आणि श्वास नीट चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा: छातीच्या मध्यभागी, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. घरातील किमान दोघांनी हे आधीच शिकून ठेवावे.

इतर धोके

कार्बन मोनॉक्साइड: या विषारी वायूला रंग किंवा वास नसतो. बर्फात रुतलेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाइप मोकळा करा. भट्टीच्या आणि ड्रायरच्या बाहेर निघणाऱ्या नळ्यांवर बर्फ साचू देऊ नका. वीज गेल्यास जनरेटर घरात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका. तो घरापासून किमान ६ मीटर लांब ठेवा. घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ सुरू झाली तर सर्वांनी आधी बाहेर पडा, मग ९११ ला फोन करा.

बर्फ हटवणारे यंत्र: तोंडात बर्फ अडकला तर हात घालू नका. इंजिन बंद केल्यावरही पात्यांमध्ये ताण शिल्लक असतो आणि ती एकदम फिरून बोटे तुटू शकतात. इंजिन बंद करून काठीनेच बर्फ काढा.

पडणे: छतावर चढू नका. लांब दांड्याच्या खोऱ्याने जमिनीवरूनच छतावरचा बर्फ ओढा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी तपासणी आवश्यक आहे.

हिमदंश: बोटे, कान किंवा नाक बधिर होते आणि त्वचा फिकट, राखाडी किंवा मेणासारखी दिसते. ती चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीवर धरू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तर ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय रोज पाहा.

शरीराचे तापमान उतरणे: जोराची थरथर, अडखळते बोलणे, गोंधळ आणि झोप येणे ही लक्षणे दिसली तर ओले कपडे काढा, कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा आणि मदत मागवा. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाणे ही तातडीची अवस्था आहे.

वादळाआधीची तयारी

- बर्फ काढणाऱ्या स्थानिक माणसाशी हिवाळ्यापूर्वीच ठरवून ठेवा. हा खर्च औषधाच्या खर्चासारखाच आवश्यक माना.
- किमान दोन आठवड्यांची औषधे घरात ठेवा. इन्सुलिन गाडीत किंवा टपालपेटीत गोठू देऊ नका. गोठलेले इन्सुलिन वापरू नका.
- भारतातील औषधांची यादी करताना ब्रँडच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहा. तिथल्या डॉक्टरांना भारतीय ब्रँड ओळखीचे नसतात.
- रस्त्यावरची घर क्रमांकाची पाटी बर्फाखाली जाणार नाही अशी उंच लावा.
- जवळच्या शेजाऱ्याचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रोज ४५ मिनिटे चालतो. तरी धोका आहे का?
चालण्याने हृदय सक्षम राहते, पण थंडीत हातांनी जड वजन उचलणे हा वेगळा ताण आहे. वर दिलेल्या यादीत तुम्ही बसत नसाल तरी सावकाश आणि टप्प्याटप्प्याने काम करा.

बाबा ऐकत नाहीत. काय करावे?
त्यांना नुसते "बसा" म्हणू नका. दाराच्या पायरीवर मीठ टाकणे, वादळाची बातमी ऐकणे, औषधांची यादी आणि टॉर्च तयार ठेवणे ही जबाबदारी त्यांच्याकडे द्या. रिकामे बसवल्यासारखे वाटले नाही की फावड्याचा आग्रहही कमी होतो.

बर्फ एक दिवस तसाच राहिला तर फार तर कामावर खाडा होईल किंवा उशीर होईल. छातीत पहिली कळ येताच फावडे खाली ठेवा आणि ९११ ला फोन करा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय घेण्यासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*