सैनिकी निवृत्तिवेतन, अमेरिकन मिलिशियातील

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–८३) वसाहतींच्या बाजूने मुख्यतः दोन प्रकारचे सैनिक लढले. काँटिनेंटल काँग्रेसने उभारलेल्या नियमित सेनेतील सैनिक निश्चित मुदतीसाठी किंवा युद्धसमाप्तीपर्यंत भरती होत. मिलिशिया हे स्थानिक नागरिकांचे दल होते. त्यातील शेतकरी, लोहार, सुतार इ. लोक बोलावणे येताच काही आठवडे किंवा दोन-तीन महिने लढत आणि मुदत संपताच आपापल्या गावी परतत. लेक्सिंग्टन व काँकर्ड येथील पहिल्या चकमकी (१९ एप्रिल १७७५), तसेच किंग्ज मौंटन येथील विजय (७ ऑक्टोबर १७८०) प्रामुख्याने अशाच सैनिकांच्या बळावर घडून आला. तथापि त्यांच्यापैकी जखमी झालेल्यांना उतारवयात निवृत्तिवेतन मिळविणे नियमित सैनिकांपेक्षा अधिक अवघड गेले. त्यांच्या सेवेचे तुटक स्वरूप व तिच्या लेखी नोंदींची उणीव, ही त्याची प्रमुख कारणे होत.

अपंगत्वाचे निवृत्तिवेतन : २६ ऑगस्ट १७७६ रोजी काँग्रेसने लढाईत अवयव गमावलेल्या किंवा उपजीविकेस असमर्थ झालेल्या सैनिकांना निम्म्या वेतनाचे आश्वासन दिले. परंतु काँग्रेसपाशी पुरेसा पैसा नव्हता. त्यामुळे हा भार राज्यांवर पडला. १७८९ मध्ये नव्या संघशासनाने तो स्वीकारला. १७९२ च्या अधिनियमाने अर्जांची तपासणी संघीय न्यायालयांकडे सोपविली व त्यांच्या निर्णयांचा फेरविचार करण्याचा अधिकार युद्धमंत्र्यास दिला. न्यायालयाच्या निर्णयावर मंत्र्याने पुन्हा निर्णय देणे संविधानाशी विसंगत आहे, असा आक्षेप अनेक न्यायाधीशांनी घेतला. त्यातून हेबर्न खटला उद्भवला आणि १७९३ मध्ये ही कार्यपद्धती बदलण्यात आली. न्यायसंस्था व कार्यकारी सत्ता यांच्या मर्यादा ठरत असताना जखमी अर्जदार मात्र निर्णयाची वाट पाहत राहिले.

१० एप्रिल १८०६ च्या अधिनियमाने मिलिशियातील व स्वयंसेवी दलांतील जखमींचा स्पष्ट समावेश केला. युद्धात झालेल्या जखमेमुळे पुढे केव्हाही अंगमेहनत अशक्य झाली, तरी अर्ज करण्याची मुभा मिळाली. ही तरतूद महत्त्वाची होती. कारण तरुणपणी भरून आलेली जखम अनेकांना वार्धक्यातच जाचू लागली. अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय तपासणीने ठरविले जाई. पूर्ण अपंग झालेल्या साध्या सैनिकास दरमहा ५ डॉलर मिळत. १८१६ मध्ये ही रक्कम ८ डॉलर झाली.

पुराव्याचा प्रश्न : सध्याचे अपंगत्व त्याच जुन्या जखमेतून उद्भवले, हे अर्जदाराला सिद्ध करावे लागे. अल्पमुदतीच्या सेवेनंतर मिलिशियातील पुष्कळांना मुक्ततापत्र मिळालेच नव्हते. ज्यांना मिळाले, त्यांतील कित्येकांचे कालांतराने हरवले. पथकाचे नायक वारले होते आणि सोबती पश्चिमेकडील नव्या वसाहतींत पांगले होते. शिवाय नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कार्यालयास आग लागून शासनाकडील कागदपत्रेही नष्ट झाली. त्यामुळे शरीरावरील व्रण हाच पुष्कळदा एकमेव दृश्य पुरावा उरला. मात्र तो कोणत्या लढाईतील, हे सांगावयास माणूसच लागे.

सेवेचे निवृत्तिवेतन : १८१८ च्या अधिनियमाने जखमेची अट न घालता गरजू सैनिकांना निवृत्तिवेतन देऊ केले. साध्या सैनिकासाठी दरमहा ८ डॉलर व अधिकाऱ्यासाठी २० डॉलर असे दर होते. परंतु नियमित सेनेतील किमान नऊ महिन्यांची सेवा आवश्यक असल्याने मिलिशिया त्यातून वगळला गेला. अर्जांची संख्या अपेक्षेबाहेर वाढल्याने १८२० मध्ये अर्जदारांकडून मालमत्तेची शपथपूर्वक यादी मागविण्यात आली. आवश्यक कपडे व अंथरूण-पांघरूण यांखेरीज घरातील सर्व वस्तू तीत नोंदवाव्या लागत.

७ जून १८३२ च्या अधिनियमाने ही स्थिती पालटली. मिलिशियासह कोणत्याही दलातील किमान सहा महिन्यांची सेवा ग्राह्य धरण्यात आली. निरनिराळ्या खेपांची बेरीज करता येऊ लागली आणि दारिद्र्याची अट उरली नाही. दोन वर्षे सेवा केलेल्यांना कॅप्टनच्या वेतनमर्यादेपर्यंत आजीव पूर्ण वेतन व त्याहून कमी सेवा केलेल्यांना त्या प्रमाणात वेतन मिळू लागले. तरीही एक विसंगती राहिली. ज्याने सहा महिने पहारा केला, पण शत्रू पाहिला नाही, तो पात्र ठरला. तीन महिन्यांतच गोळी लागून कायमचा घरी परतलेला सैनिक या अधिनियमाखाली अपात्र ठरला. त्याला जखमेच्या पुराव्याचा जुनाच मार्ग उरला. शिवाय नव्या अधिनियमाचा लाभ घेण्यासाठी क्रांतियुद्धातील सेवेबद्दल मिळणारे अन्य निवृत्तिवेतन सोडावे लागे.

अर्जांचे ऐतिहासिक महत्त्व : कागदपत्रे नसल्यास अर्जदाराने न्यायालयात शपथेवर आपली हकीकत सांगावी, असा नियम होता. जन्म कोठे झाला, भरती कशी झाली, अधिकारी कोण होते इ. सात प्रश्न विचारले जात. धर्मोपदेशक व शेजारी यांची साक्ष घेतली जाई. अंथरुणास खिळलेल्यांचे निवेदन घरी नोंदविता येई. सत्तरी-ऐंशीतील वृद्धांना वर्षे व नावे नीट आठवत नसत आणि अशा त्रुटींमुळे कित्येक अर्ज परत येत वा फेटाळले जात. र्‍होड आयलंडमधील कृष्णवर्णीय जेहू ग्रँट यांचा अर्ज तर, सेवेच्या काळी ते मालकाकडून पळालेले गुलाम होते या कारणावरून नाकारला गेला.

या युद्धातील सेवेसंबंधीच्या निवृत्तिवेतनाच्या व इनाम जमिनीच्या अर्जांची सु. ८०,००० प्रकरणे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सेनापतींच्या पत्रव्यवहारात क्वचितच आढळणारी उपासमार, पायपीट, देवीची साथ व शेजाऱ्यांमधील वैर यांची माहिती त्यांतून मिळते. ज्यांच्या सेवेची नोंद शासनाने ठेवली नव्हती, अशा सामान्य सैनिकांचे युद्धवृत्त अशा रीतीने त्यांच्या गरजेपोटीच लिहिले गेले. ज्यांचे दावे अमान्य झाले, त्यांचेही त्यात जतन झाले आहे.