माजिवडा पट्ट्यातील गॅस कटर: कार्बाईडपासून एलपीजीपर्यंत

मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रोड आणि बाळकूम-कशेळीमार्गे भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रोड जेथे एकत्र येतात, ते माजिवडा हे मूळचे ठाण्याच्या वेशीवरील गाव होय. पुढे कारखान्यांच्या पट्ट्यात आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत ते सामावले गेले. पोलाद कापण्यासाठी आणि तापवण्यासाठी कोणता गॅस घ्यावा, कोणते नॉझल लावावे, हा प्रश्न वरकरणी ज्योतीच्या तापमानाचा वाटतो. परंतु या परिसरातील धातुकामाचा इतिहास पाहता असे दिसते की, गॅस कोठून आणि कशात भरून येतो, कामाच्या जागेपर्यंत तो कसा पोहोचतो आणि एका तासात त्यातून किती काढता येतो, यावरच ही निवड प्रामुख्याने ठरत आली आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला, तेव्हा गॅसने लोखंड कापणे जगात कोठेही ज्ञात नव्हते. पट्टी कापायची तर ती भट्टीत लाल करून छन्नी आणि घणाने तोडावी लागे, आणि दोन पत्रे जोडायचे तर भोके पाडून रिव्हेट ठोकावे लागत. हे कौशल्य लोहारांच्या हातात होते आणि ते मोठे होते. मात्र त्यात काम भट्टीकडे न्यावे लागे, भट्टी कामाकडे नेता येत नसे. गॅसच्या ज्योतीने हा क्रम उलटा केला. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाईड मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत सापडली. १८९५ मध्ये फ्रान्समधील ल शातेलिए यांनी ॲसिटिलीन ऑक्सिजनसह जाळल्यास मिळणाऱ्या असाधारण उष्णतेची नोंद केली. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी हवेचे द्रवीकरण साधल्यामुळे पुढे स्वस्त ऑक्सिजनची वाट मोकळी झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फूशे व पिकार यांनी हातात धरता येईल अशी टॉर्च तयार केली.

गॅस कटर लोखंड वितळवून कापतो, ही समजूत सार्वत्रिक असली तरी ती अपुरी आहे. नॉझलच्या कडेच्या बारीक छिद्रांतून निघणारी ज्योत पोलादाचा एक ठिपका सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते; मग कारागीर टॉर्चचा खटका दाबतो, मधल्या छिद्रातून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि त्या झोतात लोखंड अक्षरशः जळते. या जळण्यातून निर्माण होणारी उष्णता पुढचा भाग तापवते आणि वितळलेला ऑक्साईड झोताच्या जोराने खाली उडून जातो. स्टेनलेस स्टील या टॉर्चने नीट कापले जात नाही, कारण त्यातील क्रोमियमचा ऑक्साईड मूळ धातूपेक्षा उशिरा वितळतो आणि पृष्ठभागावर कवच धरून बसतो. कापण्याचे खरे काम ऑक्सिजन करतो, इंधन-गॅस केवळ सुरुवात करून देतो, हे एकदा ध्यानात आले की स्वस्त इंधनाने जाड प्लेट कशी कापता येते, याचे नवल राहत नाही.

इंधनाचा पहिला टप्पा कार्बाईडचा होता. कार्बाईडच्या खड्यांवर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो आणि मागे चुन्याचा पांढरा गाळ उरतो. एक किलो कार्बाईडपासून साधारण तीनशे लिटर गॅस मिळतो. सिलिंडरचा पुरवठा नसलेल्या ठिकाणी हे सोयीचे होते, कारण डब्यातला कार्बाईड कोरडा ठेवला तर तो कोठेही नेता येई. मात्र जनरेटर म्हणजे ही गॅस बनवण्याची टाकी धोक्याची होती: दाब नीट आवरता येत नसे आणि ज्योत उलटी नळीत शिरली तर ती थेट टाकीपर्यंत जाई. म्हणूनच टॉर्च आणि टाकी यांच्यामध्ये पाण्याचा अडसर ठेवण्याची रीत पडली.

दुसरा टप्पा ‘डीए’चा, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचा. मोकळा ॲसिटिलीन दाबाखाली ऑक्सिजनशिवायही स्फोट पावू शकतो. त्यामुळे सिलिंडर सच्छिद्र पदार्थाने भरून, त्यात ॲसिटोन मुरवून, त्या द्रवात हा गॅस विरघळवून ठेवतात. ही युक्ती फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. भारतात १९३५ मध्ये कोलकात्यात इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी स्थापन झाली आणि १९६० मध्ये बॉम्बे ऑक्सिजन कॉर्पोरेशनची स्थापना होऊन ठाण्याला लागूनच असलेल्या मुलुंडमध्ये ऑक्सिजन तयार होऊ लागला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. ठाण्यातील वागळे इस्टेट हे त्याच्या अगदी आरंभीच्या क्षेत्रांपैकी एक. डोंबिवली आणि अंबरनाथची क्षेत्रेही त्याच दशकात उभी राहू लागली. गॅसचा कारखाना आणि गॅसचे गिऱ्हाईक एकाच रस्त्यावर आले, ही गोष्ट या पट्ट्यातील फॅब्रिकेशनच्या वाढीत फार मोलाची ठरली आणि तिची दखल घेतली जाणे आवश्यक आहे, कारण भरलेला सिलिंडर वजनाने बहुतांशी पोलादच असतो आणि त्याची वाहतूक महाग पडते.

सिलिंडर आणि नळ्या ओळखण्याचे नियम ठरलेले आहेत: ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, डीएचा किरमिजी. ऑक्सिजनची नळी निळी, इंधनाची लाल. ऑक्सिजनचे आटे उजवे, इंधनाचे डावे, म्हणजे अंधारातही चुकीची नळी चुकीच्या जागी बसू नये. सिलिंडरांच्या नियमांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे (पूर्वीच्या विस्फोटक विभागाचे) मुख्यालय नागपुरात आहे. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावू नये, ही ताकीद उमेदवाराला पहिल्याच दिवशी मिळते, कारण दाबातल्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते.

तिसरा टप्पा एलपीजीचा. १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईतील ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि मुंबईत एलपीजी मिळू लागला. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत सुमारे २,८०० अंशांपर्यंत पोहोचते, तर ॲसिटिलीनची ३,१०० च्या वर जाते. एलपीजीची उष्णता ज्योतीच्या बाहेरच्या फुलोऱ्यात पसरलेली असल्याने कापाची सुरुवात सावकाश होते आणि त्याला ऑक्सिजनही कितीतरी अधिक लागतो. इंधनाची बचत काही अंशी तेथेच खर्ची पडते. नॉझलही बदलावे लागते: ॲसिटिलीनसाठी ‘एएनएम’, तर एलपीजीसाठी आतला भाग किंचित खोल गेलेले दुहेरी ‘पीएनएम’.

तापवण्याच्या कामात मात्र एलपीजीचे पारडे निःसंशय जड आहे. वाकलेली गर्डर सरळ करणे, जाड पाईप वळवणे, गंजून बसलेला नट सैल करणे यासाठी तीक्ष्ण ज्योतीपेक्षा पसरट आणि भरपूर उष्णता हवी असते. डीएच्या सिलिंडरमधून तासाला त्यातील गॅसच्या साधारण सातव्या हिश्श्यापेक्षा अधिक ओढल्यास ॲसिटोनही बाहेर येऊ लागतो, म्हणून मोठ्या हीटिंग नॉझलला एक सिलिंडर पुरत नाही आणि अनेक सिलिंडर जोडावे लागतात. उलट ॲसिटिलीनचा एक गुण विसरता येत नाही: तो हवेपेक्षा थोडा हलका आहे. एलपीजी जड असल्याने खड्ड्यात, टाकीच्या तळाशी किंवा जहाजाच्या पोटात साचतो. मुंबईच्या दारूखान्यात जहाजे तोडणाऱ्या कामगारांसाठी हा भेद जिवाचा आहे. काटकसर म्हणून लावलेला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडरही कायद्याने धंद्यासाठी निषिद्ध आहे. त्यासाठी १९ किलोचा व्यापारी सिलिंडर असतो.

गेल्या काही दशकांत घोडबंदर आणि पोखरण रस्त्यांवरील अनेक कारखाने बंद पडून तेथे निवासी मनोरे उभे राहिले. शेडच्या कैच्या, बॉयलर आणि टाक्या उतरवण्याचे काम याच टॉर्चने झाले, आणि अशा कामात वीज आधीच तोडलेली असल्याने सिलिंडर व नळ्या यांना पर्यायही नव्हता. पुरवठ्यावरील हे अवलंबन एप्रिल २०२१ मध्ये फार कठोरपणे उघड झाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने २२ एप्रिलपासून ठरावीक उद्योग वगळता औद्योगिक वापरासाठी ऑक्सिजन देण्यास मनाई केली, आणि तो निर्णय योग्यच होता. त्या काळात इंधन कोणते हा प्रश्नच उरला नाही, कारण ऑक्सिजनशिवाय डीए आणि एलपीजी दोन्हींची कटिंग टॉर्च सारखीच निरुपयोगी ठरते. विजेवर आणि दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या प्लाझ्मा कटरने पातळ पत्रा कापता येत होता. जाड प्लेटच्या कामाला तेवढी सोय पुरेशी नव्हती.