वल्हे आणि पाठीवरचा हात

माझे बालपण पवनीच्या घाटावर गेले. पावसाळ्यात वैनगंगा तांबूस होऊन धावू लागे, आणि ढिवरांची मुले तेवढ्या पुरात अरुंद डोंगा अशी काही काढीत, की काठावरच्या आम्हां मुलांचा श्वास अडकावा. त्या मुलांना कुणी शिकवले होते? बापाने आणि नदीने. पुढे नोकरीनिमित्त नागपुरास आलो, अंबाझरीच्या शांत पाण्याकडे पाहत म्हातारा झालो. पण डोंग्याचे वेड काही गेले नाही.

या वेडापायी होड्यांचा इतिहास वाचू लागलो, आणि एक गंमत ध्यानात आली. उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमोंनी लाकडाच्या आणि हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून होडी केली. तिचे नाव कायाक. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या बॅरिस्टराने तशाच घाटाची लाकडी होडी बांधून घेतली आणि तो युरोपच्या नद्या हिंडला. १९०५ मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉइरिख या विद्यार्थ्याने घडी घालून नेता येईल अशी कापडी होडी केली. विद्यार्थ्याजवळ कल्पना होती, पैसा नव्हता. १९०७ साली तिचे हक्क विकत घेतले योहान क्लेपर या रोझेनहाइमच्या शिंप्याने! त्याने शिवलेल्या होड्या पाठीवर टाकून माणसे आल्प्सच्या खळाळत्या नद्यांपर्यंत पोहोचली.

खळाळत्या पाण्याची होडी निराळीच असावी लागते. संथ पाण्यावर लांब, सरळ बुडाची होडी बाणासारखी जाते; पण खडकांतून जाताना तिला वळता आले पाहिजे. म्हणून बूड दोन्ही टोकांना चंद्रकोरीसारखे उचललेले, आणि मागचे टोक इतके चपटे की वल्हेकऱ्याने अंग मागे टाकताच ते पाण्याखाली जावे व होडी जागच्या जागी गर्रकन फिरावी. शर्यतीत पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या फाटकांतून जायचे असते; हिरवे प्रवाहाबरोबर, तांबडे प्रवाहाविरुद्ध. काठीला स्पर्श झाला तर दोन सेकंद दंड, फाटक चुकले तर पन्नास! एकट्याच्या कायाकची किमान लांबी पूर्वी चार मीटर होती; २००५ पासून ती साडेतीन मीटर झाली, आणि होड्या अधिकच चपळ झाल्या.

१९७२ साली हा खेळ प्रथम ऑलिंपिकमध्ये आला. त्यासाठी पश्चिम जर्मनीने आउग्सबुर्ग येथे कृत्रिम प्रवाह बांधला. पूर्व जर्मनीने त्याची हुबेहूब नक्कल आपल्या त्स्विकाउ गावी केली, खेळाडूंकडून तिथे सराव करून घेतला, आणि चारही सुवर्णपदके नेली. वल्हे खेळाडूचे, पण त्यामागे केवढे पाठबळ!

आपल्याकडे असे पाणी कुठे, असे वाटेल. अहल्याबाईंच्या महेश्वरास जा. तिथे सहस्रधारा आहे. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवली आणि ती हजार वाटांनी निसटली, अशी कथा सांगतात. २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धांतील या खेळाच्या शर्यती तिथेच झाल्या. पुढल्या हिवाळ्यात मी मुद्दाम गेलो. एका नावाड्याचा मुलगा पाण्यातून मासोळीसारखा वर आला. मी विचारले, "होडी तुझी का रे, बाळ?"

"नाही, आजोबा," तो हिंदीत म्हणाला, "चौघांत एक आहे. माझी पाळी संपली."

तो काठावर बसून दुसऱ्याचे वल्हे पाहू लागला, आणि मला कोल्हापूर आठवले. खाशाबा जाधवांना हेलसिंकीस पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीला निदान होडी लागत नाही, तरीही घर गहाण पडले!

आज पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणाने वैनगंगा शांत झाली आहे. परंतु ढिवरांच्या मुलांच्या मनगटातली नदी अजून वाहते. नर्मदेच्या त्या मुलाला चौघांत एक होडी होती; आमच्या मुलांना तीही नाही. वाचकहो, आपण दिवाळीत अंगणाअंगणांत पणत्या लावतो. एखाद्या पोराच्या हाती वल्हे देणे, हीदेखील एक पणतीच नव्हे काय?